रिकामी खुर्ची आणि वाढत्या इमारती : महापालिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभागातली नगरसेवकाची जागा रिकामी असते आणि नेमकं तेव्हाच समोरच्या बंगल्याच्या जागी पत्रे ठोकले जातात, खोदकाम सुरू होतं. मग निरोप येऊ लागतात: "आता विचारायचं कुणाला?" त्या निरोपांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या महापालिकांना धरून आहेत. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम आहे. तिथे नियम वेगळा असेल तर तसं सांगितलं आहे.

१. नगरसेवकाची जागा नेमकी कधी रिकामी होते?

मृत्यू, राजीनामा आणि अपात्रता ही तीन मुख्य कारणं. राजीनामा लेखी आणि आयुक्तांकडे दिलेला असावा लागतो. पक्षाध्यक्षांच्या हातात दिलेला, किंवा कॅमेऱ्यासमोर फडकावलेला कागद कायद्याच्या दृष्टीने राजीनामा नाही. अशा कित्येक "राजीनाम्यां"नंतर नगरसेवक पुढच्या सभेला हजर असतात.

अपात्रतेची कारणं बरीच आहेत: दोनपेक्षा जास्त अपत्यांचा नियम, महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध, सभांना दीर्घकाळ गैरहजेरी, राखीव जागेवरून निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न करणं. या शेवटच्या मुदतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती बंधनकारक असल्याचं सांगितलं आणि अनेक शहरांतल्या नगरसेवकांची पदं एका झटक्यात धोक्यात आली. पक्षांतराचं प्रकरण १९८६ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं. महापालिकेच्या बाबतीत निर्णय विभागीय आयुक्त देतात, नगरपरिषदेच्या बाबतीत जिल्हाधिकारी. अनधिकृत बांधकामावरून होणाऱ्या अपात्रतेसाठी प्रश्न १६ पाहा.

एक गैरसमज कायम दिसतो. नगरसेवक आमदार म्हणून निवडून आला की त्याची महापालिकेतली जागा आपोआप रिकामी होत नाही. मुंबईत दोन्ही पदं एकाच वेळी सांभाळणारे अनेक जण होऊन गेले. दोन्हीकडे तो किती वेळ देतो, हा मतदारांनी विचारायचा प्रश्न.

२. रिकामी जागा कोण भरतं? महापौर, आयुक्त की पक्ष?

तिघांपैकी कुणीही नाही. मतदार भरतात, पोटनिवडणुकीतून. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा-लोकसभा निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. काही देशांत उरलेले सदस्यच बैठक घेऊन रिकाम्या जागेवर कुणाची तरी नेमणूक करतात. आपल्याकडे निवडून द्यायच्या जागेसाठी तशी सोय नाही.

पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत. आधीच्या नगरसेवकाची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच मिळते.

३. पोटनिवडणूक किती दिवसांत होते? आमच्याकडे वर्ष होत आलं.

"शक्य तितक्या लवकर" हा कायद्याचा सूर आहे, आणि ही लवचीकता प्रशासनाच्या अंगवळणी पडली आहे. महापालिकेने जागा रिकामी झाल्याचं आयोगाला कळवायचं, आयोगाने कार्यक्रम लावायचा, मतदार यादी प्रभागानुसार फोडायची, आणि मध्ये दुसरी निवडणूक किंवा न्यायालयाची स्थगिती येऊ द्यायची नाही, इतकं सगळं जुळावं लागतं. सार्वत्रिक निवडणूक अगदी तोंडावर असेल तर पोटनिवडणूक घेतलीच जात नाही.

उशीर होतोय असं वाटलं तर पहिला अर्ज निवडणूक आयोगाला करू नका. आधी महापालिकेच्या निवडणूक विभागाकडे माहिती अधिकारात एवढंच विचारा: प्रभागातली जागा रिकामी झाल्याचं आयोगाला कोणत्या तारखेच्या पत्राने कळवलं, त्या पत्राची प्रत द्या. गाडं बऱ्याचदा याच पत्राशी अडलेलं असतं.

४. आमचा प्रभाग चार सदस्यांचा आहे. एक जागा रिकामी झाली तर मतदान कुणी करायचं?

संपूर्ण प्रभागाने, पण फक्त त्या एका जागेसाठी. 'ब' जागा रिकामी असेल तर 'ब' जागेचीच निवडणूक होते आणि ती ज्या प्रवर्गासाठी किंवा महिलेसाठी राखीव होती, ते आरक्षण तसंच राहतं. उरलेले तीन नगरसेवक पूर्वीसारखेच तुमचे प्रतिनिधी असतात.

म्हणून बहुसदस्यीय प्रभागातल्या माणसाने "आम्हाला वालीच नाही" म्हणणं पूर्ण खरं नाही. मुंबईत २२७ प्रभाग एकेका सदस्याचे आहेत, तिथे मात्र ते खरं असतं. बहुसदस्यीय पद्धतीतली खरी अडचण उलटी आहे. चौघांनीही "ते दुसऱ्याचं काम" म्हणायला वाव मिळतो, आणि तीन उरले तरी तो वाव कमी होत नाही.

५. स्वीकृत नगरसेवक आहेत ना? त्यांच्यातला एक त्या जागी बसवता येत नाही का?

नाही. स्वीकृत, म्हणजे नामनिर्देशित सदस्यांच्या जागा वेगळ्या असतात. पूर्वी महापालिकेत त्या जास्तीत जास्त ५ होत्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर निवडून आलेल्या सदस्यांच्या १० टक्के किंवा १०, यांतला कमी आकडा घेतला जातो. पक्षांच्या संख्याबळानुसार गटनेते नावं देतात. घटनेच्या अनुच्छेद २४३-आर प्रमाणे त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही.

वकील, डॉक्टर, अभियंते, सामाजिक कार्यकर्ते यांचं ज्ञान सभागृहाला मिळावं हा मूळ हेतू. प्रत्यक्षात या जागा बहुतेक वेळा निवडणूक हरलेल्यांची किंवा तिकीट नाकारलेल्यांची समजूत काढायला वापरल्या जातात.

६. मुंबईत एका प्रभागात पोटनिवडणूक न होता दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार नगरसेवक झाला. हे कसं?

दोन वेगळ्या वाटा आहेत. निवडून आलेल्याने मध्येच पद गमावलं तर पोटनिवडणूक होते. पण त्याची *निवडच* न्यायालयाने रद्दबातल ठरवली, तर मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमानुसार त्याच्या खालोखाल वैध मतं मिळालेला उमेदवार निवडून आल्याचं मानता येतं. २०१७ च्या निवडणुकीनंतर जातवैधतेच्या प्रकरणांत मुंबईत असं अनेकदा झालं. म्हणजे ज्याला प्रभागाने नाकारलं, तोच काही वर्षांनी प्रतिनिधी म्हणून दाराशी येतो. मतदारांना हे विचित्र वाटतं, पण ते कायदेशीर आहे.

७. काही जागा रिकाम्या असताना सभेने केलेले ठराव वैध असतात का?

हो. गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान हजेरी, झाली असेल तर केवळ एखादी जागा रिकामी होती म्हणून ठराव रद्द होत नाही.

८. आणि सगळं सभागृहच रिकामं असेल तर? प्रशासकाने घेतलेले निर्णय आता बदलता येतील?

हा प्रश्न २०२२ पासून सर्वाधिक वेळा आला. घटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार महापालिकेची मुदत पाच वर्षं, एक दिवसही जास्त नाही. आणि मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. तरी नवी मुंबईची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि करोनामुळे निवडणूक लांबली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली: स्वतंत्र आयोग, त्याने दिलेली आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा. त्यानंतर प्रभागरचना, सदस्यसंख्या आणि आरक्षण यांचे वाद एकमेकांत गुंतत गेले. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं.

या काळात प्रशासकाकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, सभागृहाचे आणि समित्यांचेही अधिकार होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी, त्यामुळे चर्चा, उपसूचना, तहकुबी, वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येणारी बातमी, हे काहीच नाही. पण अधिकार कायद्याने दिलेले असल्यामुळे ते ठराव सभागृहाच्या ठरावांइतकेच वैध आहेत.

नवं सभागृह धोरण बदलू शकतं, अंदाजपत्रक बदलू शकतं, एखाद्या योजनेचा फेरविचार करू शकतं. पण दिलेली बांधकाम परवानगी, झालेला करार, खर्च झालेला पैसा हात वर करून परत येत नाही. "आमचं सभागृह आलं की ती इमारत थांबवू" असं प्रचारात सांगणाऱ्याला 'कोणत्या कलमाखाली' एवढंच विचारा.

९. नव्या इमारतीला परवानगी नगरसेवक देतात का?

देत नाहीत. सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

एखाद्या भूखंडावरचा प्रस्ताव महापालिकेच्या सभेपुढे मंजुरीला येत नाही. तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली, म्हणजे बोलीभाषेतल्या एमआरटीपीखाली, बांधकाम परवानगी विभागाकडे जातो. तिथे अभियंते नकाशा नियमांशी ताडून पाहतात: रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (प्रश्न १२), पार्किंग, अग्निशमन दलाची ना-हरकत. नियमात बसत असेल तर परवानगी नाकारायला आयुक्तांनाही फारशी जागा नसते. शेजाऱ्यांना आवडत नाही हे कारण त्यात बसत नाही. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, अर्थात नकाशा नियमांत बसणारा असेल तरच.

तेव्हा नगरसेवक असला काय आणि खुर्ची रिकामी असली काय, त्या एका इमारतीच्या कागदावर फरक पडत नाही. बांधकाम सुरू झाल्यावर नगरसेवकाच्या दारात गर्दी करणारे लोक बहुतेक वेळा दहा वर्षं उशिरा आलेले असतात. ती दहा वर्षं कुठे गेली, ते पुढच्या उत्तरात.

१०. मग शहरात किती घरं वाढायची हे सभागृहाच्या हातात नाहीच का?

आहे, पण घाऊक पातळीवर: विकास आराखड्यातून, म्हणजे डीपीतून. कोणती जमीन निवासी, कोणती हरित, कुठे शाळेचं आरक्षण, कोणता रस्ता १२ मीटरचा आणि कोणता २४ मीटरचा, हे तिथे ठरतं. एकदा रस्ता आराखड्यात रुंद दाखवला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंची जवळजवळ ठरून जाते (प्रश्न १२).

क्रम असा असतो. आराखडा करण्याचा इरादा सभेच्या ठरावाने जाहीर होतो. जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा तयार होतो. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यांची सुनावणी नियोजन समिती घेते; तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. समितीचा अहवाल सभेपुढे येतो, आणि अंतिम मंजुरी राज्य सरकार देतं. सरकार त्यात बदलही करू शकतं, आणि मोठे बदल असतील तर त्यांवर पुन्हा हरकती घेतल्या जातात. आराखडा साधारण २० वर्षांसाठी असतो.

सभागृहाने मुदतीत काम केलं नाही तर सरकार आराखडा ताब्यात घेऊ शकतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा मार्च २०१५ मध्ये असाच महापालिकेकडून काढून घेतला गेला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे गेला. मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये मिळाली. सभागृहात शेकडो उपसूचना देऊन आरक्षणं इकडची तिकडे करण्याच्या नादात वेळ गेला, आणि शेवटी निर्णयच हातचा गेला.

११. हरकत घेऊन काही उपयोग होतो का? आणि ती लिहायची कशी?

होतो. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुका दाखवणाऱ्या हरकतींचा असा पाऊस पडला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आला. चालू वापराच्या रस्त्यांवर, वारसा वास्तूंवर चुकीचे रंग पडले होते, ते स्थानिकांनीच शोधून काढले. नकाशा करणाऱ्या सल्लागाराला तुमच्या गल्लीतली विहीर माहीत नसते.

मुदत साधारण ३० दिवसांची असते. प्रसिद्ध झालेल्या सूचनेत छापलेली तारीखच धरा. सव्वीसाव्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात एकच मजकूर हजार प्रतींत छापून सह्या घेणं हा आपला आवडता प्रकार. सुनावणीत त्या हजार प्रती एकच हरकत म्हणून एका मिनिटात हातावेगळ्या होतात. त्यापेक्षा पाच वेगवेगळ्या, नेमक्या हरकती जास्त काम करतात.

नेमकी म्हणजे कशी? सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर हवा, आराखड्याच्या कोणत्या पानावर काय दाखवलं आहे ते हवं, प्रत्यक्ष जागेवर काय आहे त्याचा दिनांकासह फोटो हवा, आणि शेवटी तुमची मागणी एका वाक्यात हवी. "आमच्या भागावर अन्याय झाला आहे" हे वाक्य खोडा. "सर्व्हे नंबर अमुकवरील खेळाच्या मैदानाचं आरक्षण मागच्या आराखड्यात होतं, ते प्रारूप आराखड्यात निवासी दाखवलं आहे, ते कायम ठेवावं" असं लिहा. सुनावणीला स्वतः हजर राहू, असं अर्जात लिहायला विसरू नका. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे न्यायालयात गेलात तर पहिला कागद तोच मागितला जातो.

मंजूर आराखड्यात नंतर किरकोळ फेरबदल होतात, कलम ३७ खाली. त्यांचीही सूचना निघते आणि त्यांवरही हरकत घेता येते. या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. सोसायटीतल्या निवृत्त मंडळींपैकी एकाला त्या रोज वाचायचं काम द्या.

१२. दोन मजली बंगला पाडून त्याच जागी बावीस मजले कसे काय होतात?

चटई क्षेत्र निर्देशांकामुळे, म्हणजे एफएसआयमुळे. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १.१ एफएसआय असेल तर मूळ १,१०० चौरस मीटर बांधता येतं. त्यावर महापालिकेला आणि सरकारला पैसे भरून अधिमूल्य एफएसआय मिळतो. त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे आरक्षणात गेलेल्या जमिनीचा मोबदला म्हणून मिळालेला बांधकामाचा हक्क, विकत घेऊन चढवता येतो. हे दोन्ही किती घेता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मुंबईसारखे अपवाद सोडले तर राज्यभर लागू असलेली बांधकामाची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी निवासी इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत आनुषंगिक क्षेत्र वेगळं मिळतं. बेरीज करून बघा, बावीस मजल्यांचं आश्चर्य राहत नाही.

आणि म्हणूनच "रस्ता रुंद करू" हा निर्णय कधीच फक्त रस्त्याचा नसतो. २०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीपुढे ६ मीटर रुंदीचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा विषय आला. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरता येत नव्हता. रस्ते कागदावर रुंद झाले की जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास मोकळा होणार होता. कुणाला तो दिलासा वाटला, कुणाला निवडक रस्त्यांची मेहेरबानी. विषयपत्रिकेवर मात्र तो दिसला तो रस्तारुंदी म्हणून. विषयपत्रिका वाचताना 'कलम २१०' (१९४९ च्या अधिनियमातलं) आणि 'रस्त्याची नियमित रेषा', म्हणजे रस्त्याची ठरवलेली हद्द, हे शब्द दिसले की थांबा.

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही. अधिमूल्य आणि विकास शुल्क हे महापालिकेचं मोठं उत्पन्न आहे. घरं वाढली की तिजोरी भरते, पाण्याच्या टाकीचा खर्च नंतर येतो. आवर घालणारा आणि फी घेणारा एकच असेल तर आवर किती बसणार?

१३. पाणी नाही, रस्ता नाही, तरी परवानग्या का देतात? बंदी घालता येत नाही का?

परवानगीचे नियम भूखंडापुरते पाहतात, प्रभागाचं पाणी मोजत नाहीत. बऱ्याच ठिकाणी "महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत विकासक स्वतः सोय करेल" असं हमीपत्र घेऊन फाईल पुढे जाते, आणि इमारतीचा ताबा दिल्यानंतर ते हमीपत्र टँकरच्या रूपाने रहिवाशांच्या मासिक देखभाल खर्चात येऊन बसतं.

सभागृहाने नुसता "नवीन बांधकामं बंद" असा ठराव केला तर त्याला कायद्याचा आधार मिळणं अवघड. आजवरच्या ठोस बंद्या उच्च न्यायालयाकडून आल्या. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या परवानग्या थांबवल्या गेल्या. कचराभूमींच्या प्रश्नावरून फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत तसाच आदेश झाला. त्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये काही काळासाठी सवलत दिली. ठाण्यात घोडबंदर परिसरातल्या पाण्यावरूनही न्यायालयाने २०१७ मध्ये परवानग्यांना चाप लावला होता.

या प्रकरणांत महापालिकेचीच आकडेवारी महापालिकेविरुद्ध कामी येते. मंजूर पाणीकोटा, प्रत्यक्ष पुरवठा, टँकरच्या फेऱ्या, मैलापाणी प्रक्रियेची क्षमता: हे चार आकडे माहिती अधिकारात आधी मिळवा. त्यांच्याशिवाय याचिका म्हणजे नुसती तक्रार.

१४. आमच्या शेजारी मैदानाचं आरक्षण आहे, पण महापालिका जागा घेतच नाही. ते कायमचं राहतं का?

राहत नाही, आणि हे फार जणांना उशिरा कळतं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक एमआरटीपीच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत महापालिकेने ती घेतली नाही किंवा संपादनाची ठोस पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि जमीन शेजारच्या जमिनीसारखी वापरता येते, म्हणजे बहुतेक वेळा निवासी. "संपादन करावे" असा सभेचा ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मालकाची बाजूही समजून घ्या: जमीन त्याची, वापरता येत नाही, मोबदला मिळत नाही, अशी दहा वर्षं. पण नोटीस येऊन पडल्यावर ती महिनोन् महिने टेबलावर झोपवून ठेवणं हा वेगळाच प्रकार आहे. प्रभागातल्या कोणत्या आरक्षणांवर १२७ च्या नोटिसा आल्या आहेत, याची यादी दर सहा महिन्यांनी मागत राहा.

१५. आमचं गाव महापालिकेत गेलं. आता सरपंच नाही, नगरसेवकही नाही. मध्ये कोण?

आयुक्त. समावेशाची अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते, सदस्यांची पदं जातात, आणि नवे नगरसेवक येईपर्यंत गावाचा निवडून दिलेला प्रतिनिधी कुणीच नसतो. पुण्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी २३ गावं आली. दुसऱ्या खेपेच्या गावांना २०२६ पर्यंत थांबावं लागलं. याच काळात गावांभोवती इमले सर्वांत वेगाने चढतात. त्यातही आराखडा महापालिकेने करायचा की प्रदेश विकास प्राधिकरणाने, हा वाद असतोच. ग्रामपंचायतीने दिलेल्या जुन्या परवानगीचा कागद सर्वांत आधी शोधून ठेवा. दप्तर हस्तांतरात कागद गहाळ होतात.

वाट उलटीही असते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं नंतर पुणे महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

१६. नगरसेवकानेच अनधिकृत बांधकाम केलं असेल तर?

पद जाऊ शकतं. स्वतः, पती-पत्नीने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं, त्याला नगरसेवक या नात्याने मदत केली, किंवा पाडायला आलेल्या पथकाला *लेखी पत्र देऊन किंवा प्रत्यक्ष उभं राहून* अडवलं, तर उरलेल्या मुदतीसाठी अपात्रता येते. १९४९ च्या अधिनियमात हे कलम १०(१-ड) आहे. 'कारवाई थांबवावी' असं लेटरहेडवर लिहून देणाऱ्या नगरसेवकांना हे कलम फारसं आठवत नाही. तुमच्या हाती तसं पत्र लागलं तर प्रत ठेवा.

१७. आम्ही घरपट्टी भरतो, म्हणजे घर अधिकृत ना?

नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्तीही, म्हणजे दंडही लागतो, आणि पावतीवरच "यामुळे बांधकाम नियमित ठरत नाही" अशा अर्थाचा मजकूर असतो. अधिकृत म्हणजे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या, भूखंडांसाठी २००१ चा वेगळा अधिनियम आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तुमचं घर त्याआधीचं असेल तर नियमित करता येतं का ते प्रभाग कार्यालयात विचारा. त्यानंतरचं असेल तर एजंटला पैसे देऊ नका.

१८. मोठ्या प्रकल्पात कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरं राखावी लागतात हे खरं?

१० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत, ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्क्यांची अट आहे. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. अट चुकवायला भूखंडाचे तुकडे करून ३,९००-३,९०० चौरस मीटरचे प्रस्ताव आणल्याच्या तक्रारी अधूनमधून होतात. एकाच मालकाचे लगतचे प्रस्ताव दिसले तर मूळ सातबारा काढून पाहा.

१९. इतके नवे टॉवर झाले, मग आमच्या भागाला जास्त नगरसेवक का मिळत नाहीत?

कारण मोजणी जुनी आहे. सदस्यसंख्या आणि प्रभागांची लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवर ठरते, आणि ती २०११ ची आहे. त्या वर्षी जिथे ऊस उभा होता, तिथे आज दहा हजार माणसं राहत असली तरी प्रभागरचनेच्या कागदावर तिथे ऊसच आहे. जुन्या पेठेतल्या आणि उपनगरातल्या एका नगरसेवकामागे प्रत्यक्षात किती माणसं आहेत, यात त्यामुळे मोठी तफावत पडते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. गणना करणारा दाराशी आला की वॉचमनने त्याला गेटवरूनच परत पाठवू नये, एवढं सोसायटीच्या सभेत नक्की ठरवा.

२०. मी मागच्या वर्षी नव्या इमारतीत राहायला आलो. प्रभागाच्या पोटनिवडणुकीत मत देता येईल का?

तुमचं नाव त्या प्रभागाच्या यादीत असेल तरच. राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन प्रभागांत फोडतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर पत्ता बदललेल्यांची नावं जुन्या प्रभागातच राहिली. म्हणून पोटनिवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आजच फॉर्म क्रमांक ८ भरून पत्ता बदलून घ्या. प्रारूप यादी प्रभागनिहाय लागते, तेव्हा दुसरी खेप मिळते. पण तेव्हा फक्त चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवता येतं, नव्याने घालता येत नाही. आपल्या इमारतीची अख्खी विंगच शेजारच्या प्रभागात गेलेली नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.